रक्तातलं मुसकं

दोन वर्षांपूर्वी, सोयाबीनची मळणी ऐन भरात असताना, एक म्हातारेबाबा माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर रिकामी डबी ठेवून म्हणाले, "भाऊ, तुमच्या औषधाला काही गुण नाही. तीस झाल्या, दम हाय तसाच हाय." डबी दम्याच्या ओढायच्या कॅप्सुलांची होती. कॅप्सूल एका छोट्या प्लास्टिकच्या यंत्रात घालायची, यंत्र फिरवायचं आणि आतली पूड तोंडानं जोरात ओढून छातीत घ्यायची, असा तो प्रकार. बाबांनी महिनाभर रोज सकाळी एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली होती. यंत्राचं विचारलं तर म्हणाले, "ते खेळणं नातवाला दिलं." मला हसू आलं आणि पाठोपाठ ओशाळल्यासारखं झालं. डबी माझ्याच दुकानातून गेली होती, आणि देताना त्यांना कुणी दोन वाक्यं सांगितली नव्हती.

औंढ्यात नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर गेली सव्वीस वर्षं मी औषधं विकतो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथं पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीतला एखादा तरी धापा टाकत पंप मागायला येतो. उरलेल्या वर्षाचं माझं पंचांग वेगळं आहे. ऑक्टोबरात सोयाबीनचं भूस उडतं. डिसेंबरात थंडी आणि शेकोट्या. फेब्रुवारीपासून हळद शिजते, वाळते, पॉलिशच्या ढोलात फिरते आणि तिचा पिवळा धुरळा पार ओसरीपर्यंत येतो. मृग लागला की भिंतींना ओल आणि बुरशी. दर हंगामात श्वास तात्पुरता मोकळा करणारे निळे पंप खपतात, फक्त नेणारी गावं बदलतात.

आमच्याकडं या सगळ्याला एकच नाव, दमा. आणि त्याच्या मागं एकच वाक्य: "आमच्या घराण्यातच हाय." काउंटरच्या पलीकडून मी ते हजारदा ऐकलं असेल. बोलणारा मान हलवतो, पैसे मोजतो आणि जातो. विषय संपला. आमच्या घरात मात्र एका डॉक्टरांनी हे वाक्य असं सुटू दिलं नाही. घराण्यात आहे म्हणजे नेमकं काय आहे, असं त्यांनी विचारलं, आणि मी पहिल्यांदा विचारात पडलो.

दादाचे सहा आणे

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, औंढ्याजवळच्याच शिवारात शेती करतो. हळद, सोयाबीन, थोडी तूर. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं मटण-मासळी नाही आणि बिडी तर लांबच. चाळिशी ओलांडली आणि त्याला दम लागायला लागला. आधी हळदीच्या हंगामात, मग थंडीत, मग बारा महिने. आमची माय अशीच धापते. आजोबांच्या तर कितीतरी रात्री उशीला टेकून बसूनच गेल्या. त्यामुळं दादानं कुणाला काही विचारलंच नाही. घराण्यातला दमा घराण्यात आला, एवढंच.

मृग नक्षत्राला हैदराबादला नामपल्लीच्या मैदानावर दम्यासाठी मासा देतात. बोटाएवढा जिवंत मासा, त्याच्या तोंडात पिवळा लेप, आणि तो तसाच गिळायचा. आमचा मुलूख निजामाच्या राज्यातला, हैदराबाद आम्हाला कधी परकं वाटलं नाही. दरवर्षी इकडून माणसं रेल्वेनं जातात. माळकऱ्याला मासा कसा चालेल? तर शाकाहारी माणसाला तोच लेप गुळातून देतात. दादा लागोपाठ तीन मृग गेला आणि गूळ खाऊन आला. तिसऱ्या वर्षी मीही बरोबर होतो. परतताना पूर्णा स्टेशनच्या पुलाचा जिना चढता चढता तो मधल्याच पायरीवर बसला, आणि खालून सुटणारी आमची गाडी आम्ही वरून बघितली.

भाऊ मेडिकलवाला, म्हणजे पंप घरचाच. निळ्या पंपाचे दोन झोत ओढले की त्याला मोकळं वाटायचं, पण पुरतं नाही. "दहा आणे मोकळं होतंय रे," तो म्हणायचा, "सहा आणे आत अडकूनच राहायलंय." मी दुसरा पंप काढून द्यायचो. लिहायला लाज वाटते, पण पाच वर्षं मी माझ्या सख्ख्या भावाला तपासणीशिवाय निळे पंप पुरवत होतो.

शेवटी नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छाती ऐकली आणि प्रश्न सुरू केले. बिडी? नाही. घरात चूल? हो. आई-वडील नात्यातले? हो, माय ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. घरात कुणाला यकृताचं दुखणं? जन्मल्या लेकराची लांबलेली कावीळ? दादा माझ्याकडं बघायला लागला. आमच्या थोरल्या आत्याचं पहिलं लेकरू काविळीत गेलेलं. घरात त्यावर कुणी बोलत नाही. छातीच्या डॉक्टरांना काविळीशी काय करायचंय, हे मला कळेना. त्यांनी चिठ्ठीवर रक्ताच्या एका तपासणीचं नाव लिहिलं: अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. सव्वीस वर्षांत माझ्या दुकानात आलेल्या एकाही चिठ्ठीवर हा शब्द मी वाचला नव्हता.

"पण रक्त आज देऊ नका," ते म्हणाले. दादाला तेव्हा छातीत कफ होऊन ताप होता. हे प्रथिन तापात आणि जंतुसंसर्गात वाढतं. एरवी ज्याच्या रक्तात ते कमी आहे, त्याचाही आकडा तेवढ्यापुरता बरा दिसू शकतो. ताप उतरून चार आठवडे जाऊ द्या, मग बघू. ते चार आठवडे मी वाचत बसलो. दुपारी दोन ते चार माझं दुकान थंडच असतं.

पट्टीवरची कोरी जागा

या प्रथिनाची गोष्ट सुरू होते स्वीडनमधल्या माल्मो शहरात. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कार्ल-बर्टिल लॉरेल रुग्णांच्या रक्तातली प्रथिनं तपासत. रक्तद्रवाचा थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवून वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या वेगानं पळतात, ठरल्या जागी थांबतात आणि रंग दिला की रेघारेघांनी दिसतात. सुमारे १,५०० पट्ट्या पाहताना लॉरेल यांना पाच पट्ट्या अशा दिसल्या की जिथं अल्फा-१ नावाची रेघ असायला हवी तिथं जवळजवळ काहीच नव्हतं. पट्टी बिघडली म्हणून त्या टाकून देता आल्या असत्या. लॉरेल यांनी तसं केलं नाही. स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरला बरोबर घेऊन ती पाच माणसं कोण, याचा त्यांनी शोध घेतला. पाचांतल्या तिघांची फुप्फुसं ऐन उमेदीतच निकामी व्हायला लागली होती. १९६३ साली दोघांनी हे प्रसिद्ध केलं. एरिक्सन पुढं या लोकांच्या नातेवाइकांपर्यंत पोचले आणि ही कमतरता घराण्यातून उतरते हे पक्कं झालं.

असायला हवं ते नाही, हे दिसायला सरावाची नजर लागते. आमची माय दुरडीत एक भाकरी कमी असली तर न मोजता सांगते. लॉरेल यांची नजर त्या जातीची असणार.

खळ्यावरचा बैल

हे प्रथिन करतं काय? माझ्या लहानपणी ज्वारीची मळणी खळ्यावर बैलांच्या पायाखाली व्हायची. मेढीभोवती फिरणाऱ्या बैलांच्या तोंडाला सुतळीचं जाळीदार मुसकं बांधत. बैल तर हवा, त्याच्या खुरांशिवाय दाणा सुटत नाही. पण तोंड मोकळं ठेवलं तर तो फिरता फिरता कणसंच खात सुटणार.

आपल्या फुप्फुसातही असे बैल फिरत असतात. श्वासाबरोबर जंतू, धूर, धूळ आत गेली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतात. त्यांच्याजवळ इलास्टेज नावाचं एक पाचकद्रव्य असतं. जंतूंचा फडशा पाडायला ते कामाचं, पण जंतू आणि घरची भिंत यातला फरक त्याला कळत नाही. फुप्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात. श्वास घेतला की ते ताणले जातात, सोडला की आपसूक मिटतात. रबरासारखी ही ताण त्यांना इलास्टिन नावाच्या धाग्यांमुळं मिळते. इलास्टेज मोकाट सुटलं तर नेमके हेच धागे खातं. त्याच्या तोंडाला बांधायचं मुसकं म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. आपलं यकृत रोज जवळजवळ दोन ग्रॅम मुसकी विणतं आणि रक्तावाटे फुप्फुसाकडं पाठवतं. एक मुसकं एकाच बैलाच्या कामाचं. इलास्टेजनं त्याला चावा घेतला की ते उंदराच्या सापळ्यासारखं खाडकन मिटतं आणि इलास्टेजसकट बाद होतं. म्हणून रोज नवी लागतात.

पाचकद्रव्य मांसाचं काय करतं, ते आमच्या गल्लीतल्या मटण शिजवणाऱ्या बायांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. जून मटण शिजत नसलं की त्या कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. पपईच्या चिकात पपेन नावाचं असंच एक पाचकद्रव्य असतं. माल्मोच्या शोधाच्या आगेमागेच अमेरिकेत पॉल ग्रॉस यांनी उंदरांच्या फुप्फुसात पपेन सोडून पाहिलं. आतल्या भिंती विरघळल्या, लहान लहान फुग्यांचे मोठे, ढिले फुगे झाले. यालाच एम्फिसिमा म्हणतात. दोन शोध शेजारी ठेवले आणि उलगडा झाला: खाणारा आणि आवरणारा यांचा तोल गेला की फुप्फुस आतून शिजायला लागतं.

दमा की आणखी काही

दम्याचं दुखणं या फुग्यांचं नसतं, त्यांच्याकडं हवा नेणाऱ्या नळ्यांचं असतं. नळ्यांचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट कफ साचतो आणि हवा शिट्टी वाजवत जाते. पंपानं स्नायू सैल होतात, वाट पुन्हा मोकळी होते. वाट बंद होणं आणि पुन्हा उघडणं, ही दम्याची खूण. एम्फिसिमात फाटलेली भिंत परत सांधत नाही. फुग्यांची ताण गेली की नळ्यांना बाहेरून धरून ठेवणारं कुणी उरत नाही आणि श्वास सोडताना त्या मिटतात. आवाज मात्र तोच, घरघर. धाप तीच. पंपानं थोडं बरंही वाटतं. दादाचे दहा आणे.

म्हणून या कमतरतेच्या माणसांना आधी दम्याचं नाव मिळतं. अमेरिकेत अशा १,१२९ जणांची एक मोठी नोंद ठेवली गेली. त्यांतल्या ३५ टक्क्यांनी आपल्याला दमा असल्याचं सांगितलं होतं. तिथल्याच एका पाहणीत पहिल्या लक्षणापासून खऱ्या निदानापर्यंत सरासरी सात वर्षांहून जास्त काळ गेलेला दिसला, आणि तोवर बऱ्याच जणांचे तीन-तीन डॉक्टर झाले होते.

यातल्या काहींना चुकून दमा म्हटलं गेलं होतं, पण सगळ्यांना नाही. ही कमतरता आणि खरा दमा एकाच माणसात नांदू शकतात. ज्याच्या फुप्फुसात इलास्टेजला आवर नाही, त्याच्या नळ्या जास्त सुजत असतील, जास्त चिडत असतील, असा तर्क आहे. पण नुसत्या या कमतरतेनं दमा होतो का, यावर संशोधकांचं एकमत नाही. काही अभ्यासांत नातं दिसलं, काहींत नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, ती म्हणजे एकदा तपासून बघा. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी दम्याच्या प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांची ही तपासणी आयुष्यात एकदा करावी असं सुचवलं. २००३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ते नेमकं केलं: भरपूर औषध देऊनही ज्यांची वाट पुरती मोकळी होत नाही, अशा दमेकऱ्यांची तपासणी करा. ते वाचताना मी पुस्तकावर बोट ठेवलं. पुरती मोकळी होत नाही. दादाचे सहा आणे.

माळेतला ३४२वा मणी

आता काविळीचं कोडं. हे प्रथिन म्हणजे ३९४ मण्यांची माळ समजा. प्रत्येक मणी एक अमिनो आम्ल. माळ कशी ओवायची त्याचं टिपण चौदाव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. नेहमीच्या प्रतीला एम म्हणतात. सर्वांत त्रासदायक प्रत झेड. ही अक्षरं वीज सोडल्यावर प्रथिन किती वेगानं पळतं त्यावरून पडली: एम मध्यम चालीचं, एस हळू, झेड सगळ्यांत मागं. झेड माळेत चूक एकाच मण्याची असते, ३४२व्या. तेवढ्यानं माळेचा पीळ बदलतो, माळा एकमेकींत गुंततात आणि यकृताच्या पेशीतच गुंता होऊन बसतात. दोन्ही प्रती झेड असल्या तर रक्तात नेहमीच्या जेमतेम दहा ते पंधरा टक्के प्रथिन पोचतं. म्हणजे छातीला मुसकी पुरत नाहीत आणि यकृताला अडकलेला माल सोसवत नाही. एकाच चुकीचे दोन मार. म्हणून छातीच्या डॉक्टरांनी काविळीचं विचारलं.

स्वीडननं १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात बाळांचं रक्त यासाठी तपासलं. १२७ बाळांत दोन्ही प्रती झेड निघाल्या. साधारण दहातल्या एकाला लांबलेली कावीळ झाली, पण बहुतेक बाळं चांगली वाढली. मोठेपणी सिगारेटपासून लांब राहिलेल्यांची फुप्फुसं तरुणपणी तरी जवळजवळ इतरांसारखीच निघाली. याला कारणही त्या माळेतच आहे. इलास्टेजला पकडणारा आकडा ३५८व्या मण्याशी आहे, आणि तंबाखूच्या धुरानं नेमका तोच मणी गंजतो. धूर एका बाजूनं पांढऱ्या पेशींना बोलावतो आणि दुसऱ्या बाजूनं असलेली थोडकी मुसकीही निकामी करतो.

एक प्रत एम आणि एक झेड असलेला माणूस बहुधा धडधाकट असतो. दोघंही नवरा-बायको तसेच असतील तर दर लेकराला दोन झेड मिळण्याची शक्यता चारात एक. आमच्या भागात मामाच्या, आत्याच्या मुलीशी लग्न अजून होतं. घर माहितीचं, जमीन घरात, लेक डोळ्यांसमोर. पण अशा लग्नात पणजोबांच्या रक्तातली एकच दुर्मीळ चूक दोन वाटांनी खाली येऊन पतवंडात पुन्हा भेटू शकते. डॉक्टरांच्या त्या प्रश्नामागं हा हिशेब होता. मायला मी तो सांगितला नाही.

कमतरता पक्की निघाली आणि एम्फिसिमा सुरू झालेला असला तर दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं हे प्रथिन दर आठवड्याला शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोला ६० मिलिग्रॅम. अमेरिकेत १९८७ पासून ते मिळतं. फाटलेलं त्यानं शिवून निघत नाही, फाटण्याचा वेग कमी होतो. आणि ते दम्याचं औषध नाही. दमा असेल तर त्याला दम्याचेच पंप लागतात.

रिपोर्ट

ताप उतरून चार आठवडे झाल्यावर दादाचं रक्त दिलं. आमच्याकडून नमुना नांदेडला आणि तिथून पुढं मोठ्या प्रयोगशाळेत. रिपोर्ट येईपर्यंत दादा मला रोज फोन करायचा. आमच्या तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगोचा प्रकल्प उभा राहतोय. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांची अणूहून बारीक हालचाल मोजायची. दादा म्हणाला, "तोवर ते मशीन चालू झालं तर माझी घरघर तिथंच ऐकू येईल. फोन तेच करतील तुला."

रिपोर्ट आला. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात १४८ मिलिग्रॅम. नेहमीचा टप्पा साधारण ९० ते २००. मुसकी भरपूर. घराण्यात ही चूक उतरलेली नव्हती, निदान दादापर्यंत नाही.

खरं तर हे अपेक्षितच होतं. झेड ही मुख्यतः उत्तर युरोपच्या रक्तातली चूक. भारतात ती फार क्वचित सापडते. दादा रिपोर्ट हातात धरून म्हणाला, "म्हणजे तुझं एवढं वाचलेलं वाया गेलं." मी म्हटलं, "मग ते सहा आणे कुठं गेले?"

त्याचं उत्तर नांदेडच्या त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या यंत्रानं दिलं होतं. स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पोटभर श्वास आणि मग एका दमात फुंकर. तिथली ताई ओरडत होती, "फुंका काका, फुंका, फुंका, अजून फुंका!" दादाचे डोळे बाहेर आले. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा १.८ लिटर. मग पंप दिला, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. २.१ लिटर. बारा टक्के आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढ म्हणजे वाट उघडते, म्हणजे दमा खरा. पण त्याच्या वयाला आणि उंचीला हवी तेवढी ती उघडली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं सूज तशीच राहिली की नळ्यांच्या भिंती आतून जाड होतात, कडक होतात. निळा पंप स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. सुजेला रोजचा स्टेरॉइडचा पंप लागतो, आणि तो दादाला कधी मिळालाच नव्हता. वर लहानपणापासून चुलीचा धूर, पाच-सहा वर्षं हळदीच्या ढोलाशेजारी उभं राहणं.

चुलीचं आम्ही मनावर घेत नाही, कारण चूल म्हणजे माय. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की जगात विडी-सिगारेट ओढणारे सुमारे शंभर कोटी, पण लाकूड-शेण्यांचा धूर गिळणारे तीनशे कोटी. साळवींच्याच पुढाकारानं १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत दवाखान्यात आलेल्या दोन लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. निम्म्याहून अधिक जण श्वासाची काही ना काही तक्रार घेऊन आले होते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक भारतात. या दोन आकड्यांच्या मधोमध माझ्यासारखी दुकानं उभी आहेत. तिथं निळा पंप मिळतो, तीन रंगी गोळ्यांची पुडी मिळते, आणि "पंपाची सवय लागते" ही समजूत फुकट मिळते.

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट आहे: प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. वर्षाला तीन निळे पंप संपले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, बारा संपले तर जिवाचा. दादाची पाच वर्षांची उधारीची वही मी काढून पाहिली. कुठल्याही वर्षी बाराच्या खाली नव्हता.

आता दुकानात मी एक वेगळी वही ठेवतो. निळा पंप नेणाऱ्याच्या नावापुढं रेघ. तिसरी रेघ आली की स्टूल पुढं सरकवतो आणि विचारतो. पुरतं मोकळं होतं का? चाळिशीच्या आतच धाप लागली का? बिडी नसताना? घरात कुणाचं यकृत, कुणाची लांबलेली कावीळ? उत्तरं एका बाजूला झुकली तर चिठ्ठीवर लिहून देतो, "डॉक्टरांना स्पायरोमेट्री आणि अल्फा-१ विचारा." क्वचित एखाद्याचं मुसकं खरंच तोकडं निघेल. उरलेल्यांची निदान छाती एकदा मोजली जाईल. दुर्मीळ आजाराच्या शोधात निघालो आणि रोजचा आजार हाती लागला, हे आमच्याच घरी घडलं. कॅप्सूल गिळणारे बाबाही येतात. यंत्र त्यांनी नातवाकडून परत घेतलंय.

दादा आता सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप घेतो, पंपाला स्पेसर नावाचं नळकांडं लावून, आणि नंतर गुळणी करतो. हळदीच्या ढोलावर गडी उभा असतो, दादा लांब बांधावर. गड्याच्या तोंडाला मास्क मी दिलाय. गॅस घरात असूनही भाकरी चुलीचीच हवी, हा मायचा हट्ट सुटला नाही. चूल मात्र आतून उचलून अंगणात आली. तीन महिन्यांनी मी विचारलं, किती आणे? तो म्हणाला, "चौदा." दोन आणे राहणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

घराण्यात दमा असतो, हे खरंच आहे. बारीक बारीक अनेक गुणांनी तो आई-बापाकडून लेकरात उतरतो, एका चुकलेल्या मण्याइतका सरळ नाही. पण आमच्या घराण्यात त्याच्याबरोबर चूल उतरली, ढोल उतरला, आणि निळा पंप ओढून गप्प बसायची सवयही उतरली.

मागच्या आठवड्यात दादा दुकानात आला. बरोबर त्याचा बारा वर्षांचा धाकटा. दोन महिन्यांपासून पहाटे खोकतो. "नांदेडची वेळ घेतलीय," दादा म्हणाला, "डॉक्टरला मीच आधी सांगणार हाय, घराण्यात दमा हाय म्हणून." मग शोकेसकडं बोट दाखवून म्हणाला, "लहान लेकराचा स्पेसर हाय का? असला तर बाजूला काढून ठेव. त्यांनी लिहिला तरच नेतो."